नात्याचा रकाना

लॅबमधले हातमोजे काढून फॉर्म वाचला:
चार दिवस, दोनशे साठ किलोमीटर, डोंगरातली सायकल,
शर्यत जोडीनंच.
दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं
तर एका तासाचा दंड.
आणि अगदी खाली, रक्तगटाच्या शेजारी,
जोडीदाराशी नातं.

उल्कानं पेनाचं टोपण चावलं.
तिच्या दादाचं आणि माझं
कोर्टात मिटून सव्वा वर्ष झालेलं.
"मग आता आपण कोण गं, वहिनी?"
"आधी वहिनी म्हणणं सोड," मी म्हटलं.
रकाना तसाच गेला.

राऊच्या पुढं, गव्हाच्या कडेनं, पहाटे सहाला
चौसष्ट जोड्या.
पुढं पुण्याची पोरं, रंधा मारल्यासारख्या पोटऱ्या.
मागं आम्ही: दोन दातांचे डॉक्टर, एक पटवारी,
सियागंजातले नटबोल्टवाले बुऱ्हानभाई, पोट आत ओढून,
"भिया, पोहे जरा जास्तच झाले."
शिट्टी झाली. त्यांचं पोट सुटलं.

पहिला दिवस फारसा आठवत नाही.
कुणीतरी लसणाला पाणी सोडलेलं,
काळी माती ब्रेकात बसली, तुरीच्या काडीनं खरवडली.

जानापाव मात्र दगड न् दगड आठवतो.
मी सायकलवर नव्हते, सायकलच माझ्यावर होती.
उल्का पुढं. ती नेहमीच पुढं.
माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत
जेवून हात धुऊन आलेली बाई,
आता प्रत्येक वळणावर एक पाय टेकून उभी,
घड्याळाकडं बघत ओरडते,
"एक पन्नास! हाल!"
मी हलते. शिवीपुरता श्वास
पुढच्या वळणासाठी राखून ठेवते.

रात्री चोरलच्या काठी तंबू.
तुपात बुडालेले बाफले,
आणि बसता न येणाऱ्या माणसांची पंगत,
उभ्या उभ्या.
बुऱ्हानभाईंनी मलमाची डबी फिरवली.
कुणी कुठं लावायचं, कुणी विचारलं नाही.
अंधारात उल्का म्हणाली,
"दादा विचारत होता, कशी आहे."
"मग?"
"सांगितलं, चढाला रडते, उताराला किंचाळते.
बाकी बरी आहे."
बराच वेळ एक किडा
तंबूच्या कापडावर चढत राहिला,
घसरत राहिला.

तिसऱ्या दिवशी, पळस पेटलेल्या उतारावर,
माझी साखळी तुटली.
हाक मारली तोवर ती खाली, झाडांआड.
ती खाली थांबली असती तरी दंड,
वर आली तरी दंड; तास गेलाच होता.
खाली सावली होती, ओहोळ होता,
शहाण्या माणसानं पाय सोडून बसावं.
ती आली.
सायकल खांद्यावर घेऊन, पाऊण किलोमीटर उलटी,
चेहरा विटेसारखा.
गुडघ्यावर बसून नवी कडी घातली,
काळे हात माझ्याच जर्सीला पुसले,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
"आता तू पुढं."

शेवटून चौथ्या आलो.
पदक सगळ्यांनाच होतं.

सोमवारी लॅबमध्ये करंगळी आणि शेजारचं बोट
अजून सुन्न, हँडलची आठवण धरून.
एका म्हाताऱ्या गृहस्थांची शीर सापडेना.
"आरामसे, बेटा," मूठ मिटून ते म्हणाले,
"मैं कहीं नहीं जा रहा."

दुपारी चहाबरोबर हिशेब केला.
माझं सुदामानगर, तिचं टिळकनगर,
पलासियाच्या सिग्नलसकट
पस्तीस मिनिटं.
म्हणजे दंड रोजचाच.